नव्वद पावलं सरळ, चाळीस उजवीकडे

नाकबाई हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते ऑफिसनं ठेवलं, आणि एकदा चिकटलं ते चिकटलंच. तीस वर्षांपूर्वी त्या या धंद्यात आल्या तेव्हा जमीन तपासायची यंत्रं आजच्याइतकी हुशार नव्हती. बोअरमधून मातीची लांब कांडी वर यायची, कामगार ती फळीवर आडवी ठेवायचे आणि या वाकून वास घ्यायच्या. ‘इथं रॉकेल सांडलंय. हे थिनर. ही नुसती कुजलेली पानं, पुढं चला.’ आठवड्यानं प्रयोगशाळेचा कागद यायचा आणि दहातल्या नऊ वेळा बाईंचं नाकच खरं निघायचं. पुढे नियम झाले. माती हुंगायला बंदी आली, हातात वाफा मोजायचं यंत्र आलं, तोंडावर मुखपट्टी आली. नाकबाईंनी नियम मुकाट्यानं पाळला. उलट साठी जवळ आली तशी त्यांनाच अधूनमधून धास्ती वाटायची, की इतकी वर्षं आपण छातीत काय काय भरून घेतलं कोण जाणे. नाव मात्र सुटलं नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. एखादा जुना कारखाना पाडून तिथं घरं, शाळा किंवा दवाखाना बांधायचा ठरला, की आधी त्या जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बघायचं. विष आहे का, असलं तर ते माणसापर्यंत कुठल्या वाटेनं पोचेल, धुळीतून, वाफेतून की पाण्यातून, आणि ती वाट अडवायची कशी. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिचा एकच दंडक होता, बूट दाराबाहेर. “जगाची माती तपासून ये हवी तर,” ती म्हणायची, “पण माझ्या फरशीला तिची ओळख करून देऊ नकोस.” ताईला धाकटीच्या कामाचं फारसं कौतुक नव्हतं. सगळा जन्म खड्ड्यात डोकावण्यात गेला, असं तिचं मत होतं, आणि ते ती जेवताना भाजी वाढता वाढता ऐकवायची.

निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना नाकबाईंच्या टेबलावर गॅसच्या कारखान्याची फाईल आली.

शहरातले दिवे आणि चुली ज्या काळी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, त्या काळातला हा कारखाना. बंद पडून पंचेचाळीस वर्षं झालेली. इमारती केव्हाच पाडल्या होत्या. उरली होती गुडघाभर गवताची मोठी मोकळी जागा, एका कडेला पडकी भिंत आणि फाटकाजवळ वजनकाट्याचा सिमेंटचा ओटा. त्या जागेवर चारशे घरांची वसाहत उभी राहणार होती. नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता, आणि त्यावर लिहिलं होतं, लहान मुलांची बाग. पूर्वेच्या कुंपणापलीकडं तीनशे मीटरवर जुन्या घरांची एक ओळ होती. त्या घरांच्या परसात विहिरी होत्या, आणि लोक अजून त्यांचं पाणी भाज्यांना घालत, क्वचित पीतही.

नाकबाईंनी आधी कागद चाळले. कोळसा भट्टीत भाजून गॅस काढला की मागं डांबर उरतं, काळं, चिकट, विषारी. ते साठवायला जुन्या आराखड्यात जमिनीखाली एकच टाकी दाखवली होती, आणि कारखाना बंद करताना ती रिकामी करून बुजवल्याचा दाखला होता. मग यंत्र आलं. जागेवर चौकटी आखून चोवीस भोकं पाडली. टाकीची जागा खरंच स्वच्छ निघाली. बाकी ठिकाणी राख, विटांचे तुकडे, थोडंफार डांबर, म्हणजे जुन्या कारखान्यात असतं तेवढंच. बांधकाम कंपनीचा व्यवस्थापक खूश झाला. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड असा तो माणूस होता.

“म्हणजे बाई, जमीन पास?”

“जमीन परीक्षेला बसलीय,” नाकबाई म्हणाल्या. “पेपर अजून माझ्याकडंच आहेत.”

त्यांना एक गोष्ट खुपत होती. पूर्वेच्या कुंपणाजवळच्या भोकातलं पाणी दूषित निघालं होतं, आणि जमिनीखालचं पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहत होतं. म्हणजे पाणी कारखान्याच्या जागेतूनच काहीतरी घेऊन बाहेर पडत होतं. पण चोवीस भोकांत ते देणारं कुणी सापडलं नव्हतं. अशा वेळी नाकबाई यंत्राआधी माणूस शोधायच्या. त्यांनी कारखान्याच्या जुन्या हजेरीपटावरून नावं काढली, पत्ते हुडकले. बहुतेक जण जग सोडून गेलेले. एक सापडले. सत्याऐंशी वर्षांचे भट्टीवाले आजोबा, लेकीकडं राहणारे, पायांनी अधू, पण बोलण्यात खणखणीत.

“एक टाकी?” आजोबा हसले. “एक कागदावरची. दुसरी आमची.”

“दुसरी कुठं होती?”

“मी लागलो तेव्हाच ती म्हातारी होती. माझ्या आजाच्या वयाची. वर नुसतं लोखंडी झाकण. मोठी टाकी भरली की जास्तीचं तिच्यात सोडायचं. साहेब लोक तिकडं कधी फिरकलेच नाहीत, तर कागदावर येणार कुठून?”

“जागा दाखवता येईल?”

आजोबांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग लेकीकडं. “मला तिथं नेऊन बसवा. मी दाखवत नाही, सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. वजनकाट्याचा ओटा दिसताच आजोबांनी खुर्ची त्याला पाठ टेकवून उभी करायला सांगितली. समोर नुसतं गवत. एक खूण नाही, एक खांब नाही. नाकबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला उगीच दगदग दिली.

“भट्टीतून लालबुंद कोक, म्हणजे भाजून उरलेला कोळसा, बाहेर काढला की त्यावर पाणी मारायचे,” आजोबा सांगू लागले. “अशी वाफ उठायची की स्वतःचा हात दिसत नसे. आणि त्या टाकीचं झाकण कायम अर्धं उघडं. माझ्यादेखत एकजण पाय घसरून कमरेपर्यंत आत गेला होता, नशिबानं वाचला. त्यानंतर मी डोळ्यांवर भरवसा ठेवलाच नाही. पावलं मोजायचो. इथून भिंतीच्या दिशेनं नव्वद पावलं सरळ, मग चाळीस उजवीकडं. त्रेचाळिसाव्याला झाकण. बावीस वर्षं चाललोय, बाई. चुकणार नाही.”

लेक मोजत निघाली. दहा पावलंही झाली नसतील, तोच मागून हाक आली.

“अगं, पाऊल मोठं टाक. तू तुझ्या आईवर गेलीस, मी चांगला उंच होतो. आणि खांद्यावर फावडं आहे असं समज.”

लेक हसली, परत आली, आणि बापाच्या चालीनं पुन्हा निघाली. आता ती साठीला टेकलेली बाई लांब लांब ढांगा टाकत, एक खांदा किंचित वाकवून गवतातून चालली होती, आणि आजोबा ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होते. नव्वदला ती वळली. चाळीसला थांबली. आजोबांनी बोटानं ‘अजून तीन’ अशी खूण केली. ती तीन पावलं गेली आणि उभी राहिली. नाकबाईंनी तिच्या पायापाशी खुंटी ठोकली. नकाशात पाहिलं तर खुंटी बरोबर मुलांच्या बागेत होती.

चौकटीतली दोन भोकं त्या खुंटीच्या दोन बाजूंना, प्रत्येकी सात-आठ मीटरवर पडली होती. टाकी त्यांच्या मधोमध निसटली होती.

यंत्र लावलं. पहिला मीटर माती, दुसरा राख. मग दांडा कशावर तरी अडला आणि सगळं यंत्र थरथरलं. यंत्रचालकानं जोर कमी केला, सावकाश पुढं गेला. आधी विटांचा लाल भुगा वर आला. मग दांडा एकदम मोकळा होऊन हातभर खाली गेला, आणि नळीतून जे वर आलं ते काळं, चकचकीत, मधासारखं दाट होतं. नाकबाईंच्या हातातलं यंत्र किंचाळायला लागलं. त्यांनी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला मागं घेतलं. मुखपट्टीतूनही तो वास त्यांना ओळखू आला. तीस वर्षांत त्यांनी नकाशे पाहिले, विमानातून काढलेली छायाचित्रं पाहिली, जमिनीत लहरी सोडणारी यंत्रं पाहिली. आणि इथं एका माणसानं पंचेचाळीस वर्षांनी, खुर्चीत बसून, दुसऱ्याच्या पायांनी, एका झाकणावर नेमकं बोट ठेवलं होतं.

“लागली का?” आजोबांनी लांबून विचारलं.

“लागली,” नाकबाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले, आजोबांपाशी गेल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. आजोबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांना चहा हवा होता.

त्या रात्री नाकबाईंना जेवण गेलं नाही. ताईनं दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, “ताई, ती टाकी निदान शंभर वर्षांची आहे. कधीपासून गळतेय देव जाणे. तिथलं पाणी रोज चार बोटं पुढं सरकतं. चार बोटं म्हणजे काहीच नाही वाटतं ना? पण कारखाना बंद पडल्यापासूनचा हिशेब केला तरी ते एक किलोमीटरच्या पुढं गेलं असणार. आणि ती घरं तीनशे मीटरवर आहेत.”

“म्हणजे त्या विहिरी...”

“दहा-बारा वर्षांतच पोचलं असणार. म्हणजे तीस वर्षांपूर्वी. तिथं पोरं लहानाची मोठी झाली, ताई.”

ताईनं त्यांच्या ताटातली गार झालेली भाजी बाजूला काढली, आणि त्या दिवशी खड्ड्यांबद्दल काही बोलली नाही.

दुसऱ्याच सकाळी नाकबाईंनी त्या घरांत जाऊन, विहिरीचं पाणी निकाल येईपर्यंत वापरू नका असं दारोदार सांगितलं. पिण्याच्या पाण्याची सोय कंपनीला करायला लावली. मग टाकीपासून विहिरींपर्यंत एका रेषेत सात नवी भोकं पाडून घेतली आणि प्रत्येकात जाळीची नळी बसवली. नमुने त्यांनी स्वतः घेतले. नळीत फीत सोडायची, ती पाण्याला टेकली की ‘पीं’ असा आवाज करते. मग साचलेलं जुनं पाणी उपसून टाकायचं, ताजं येऊ द्यायचं, काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. पहिल्या तीन नळ्यांना डांबराचा वास होता. चौथीला वेगळाच. कुजलेल्या अंड्यासारखा, आणि पाणी काळपट. मुखपट्टीच्या आतसुद्धा तो पोचला. ‘मैलापाण्याची गटार फुटली असेल,’ असं म्हणून त्यांनी वहीत नोंद केली. सातवीचं पाणी निव्वळ पाण्यासारखं होतं.

आठ दिवसांनी निकाल आले. टाकीजवळ विष प्रचंड. ऐंशी मीटरवर निम्म्याहून कमी. एकशे चाळीस मीटरवर जेमतेम खूण. त्यापुढं काही नाही. विहिरींत काही नाही.

नाकबाईंचा विश्वास बसला नाही. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून त्यांनी सगळे नमुने पुन्हा घेतले आणि या खेपेला पेटी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. उत्तर तेच आलं. पाण्याला वाटेत कुठं खडक आडवा आला का, म्हणून माती तपासली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी वाळू. पाणी थांबलेलं नव्हतं. पाणी चालत होतं, रोज चार बोटं, इमानेइतबारे. फक्त त्यातलं विष एकशे चाळीस मीटरवर नाहीसं होत होतं.

“हे जातंय कुठं?” त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं. या बाई वयानं निम्म्या, बोलायला भरभर, आणि नाकबाईंना आत्या म्हणणाऱ्या.

“आत्या, तुम्ही चौथ्या नळीबद्दल गटार असं लिहिलंय.”

“वास होता ना.”

“तिथं गटार नाहीये, मी नकाशा पाहिला. तो वास त्यांचाच आहे.” बाईंनी कागद पुढं सरकवला. “हे बघा. टाकीजवळच्या पाण्यात प्राणवायू शून्य. दूरच्या पाण्यात भरपूर. मधे लोखंड विरघळलेलं आहे, गंधकाचं रूप बदललेलं आहे. कुणीतरी तिथं जेवतंय, आत्या. जिवाणू. आपण जसं जेवतो आणि श्वास घेतो, तसंच. प्राणवायू संपला की ते लोखंडावर श्वास चालवतात, ते संपलं की गंधकावर. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे त्यांचा सोडलेला श्वास.”

“आणि जेवतात काय?”

“डांबरातलं पाण्यात उतरतं ते. तुमचं विष.”

नाकबाई खुर्चीत मागं टेकल्या. “तिथं कुणी सोडले त्यांना?”

“कुणीच नाही. होतेच. टाकी गळायला लागली, ज्यांना ते पचलं ते वाढले. मग ते जितकं येतं तितकं खातात. म्हणून विष तिथवर येतं आणि संपतं. कदाचित पन्नास-साठ वर्षं असंच चाललं असेल.”

नाकबाई घरी न जाता परत त्या जागेवर गेल्या. दुपार कलली होती. यंत्र बंद होतं, गवतावर ऊन होतं. त्या टाकीच्या खुंटीपासून पूर्वेला चालत निघाल्या. कुंपण ओलांडलं, पडीक पट्टा ओलांडला आणि एकशे चाळीस मीटरवरच्या नळीपाशी थांबल्या. पुढं त्या घरांच्या परसात दोरीवर कपडे वाळत होते. एक म्हातारी पाटीत काहीतरी निवडत बसली होती. या लोकांना कधी काही कळलं नव्हतं. ज्यांनी टाकी बांधली त्यांना कळलं नव्हतं, ज्यांनी ती विसरली त्यांनाही नाही. आणि पायाखाली, उजेड नाही, हवा नाही अशा वाळूत, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवांनी कुणाच्या सांगण्याशिवाय रोजच्या रोज ते सगळं गिळलं होतं. नाकबाईंनी तीस वर्षं जमिनीला आजारी माणसासारखं तपासलं होतं. ती स्वतःच स्वतःला औषध देत असेल, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं; त्यावर उभं राहायची वेळ आली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, की या वयात आपण जंतूंसाठी रडतोय.

व्यवस्थापकाला बातमी कळली तेव्हा तो अधिकच गोड झाला. “मग झालंच की बाई. निसर्गच साफ करतोय. टाकी राहू दे खाली, वर बाग करू.”

“टाकीत किती डांबर आहे माहीत आहे?”

“किती?”

“ते जिवाणू असं खात बसले तर दीडदोनशे वर्षं पुरेल इतकं. ते फक्त पाण्यात उतरतं तेवढंच खाऊ शकतात, गोळाच्या गोळा नाही. आणि उद्या तुम्ही वर चारशे घरं बांधून पावसाचं पाणी मुरायचं थांबवलंत, भूजलाचा ओघ बदलला, म्हणजे त्यांचं ताट हललं. टाकीची वाफ वर येईल ती वेगळीच, आणि वर झोपाळ्यावर पोरं. ते त्यांचं काम करताहेत. आपलं आपण करायचं.”

“अहवालात थोडं सौम्य लिहिता येईल का?”

“येईल की. ‘टाकी काढा’ च्या आधी ‘कृपया’ लिहीन.”

अहवाल एकशे बारा पानांचा झाला. त्यातलं महत्त्वाचं दोन पानांत होतं. टाकी रिकामी करून उखडून काढावी. भोवतालची काळी माती बंद ट्रकमधून न्यावी. बाग दुसऱ्या टोकाला हलवावी, आणि टाकीच्या जागेवर घर बांधू नये. पूर्वेकडच्या नळ्या तशाच ठेवून दर तीन महिन्यांनी पाणी तपासावं, त्या जिवांची घडी मोडत नाही ना ते बघण्यासाठी. व्यवस्थापकानं कुरकुर केली, वरच्यांनी चार बैठका घेतल्या, पण मंजुरी देणाऱ्यांनी ती दोन पानं जशीच्या तशी अटींत घातली.

टाकी उघडली त्या दिवशी आजोबा आले होते, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब, मुखपट्टी लावून. डांबर उपसून आतलं धुऊन झाल्यावर ती पहिल्यांदा पूर्ण दिसली. विटांचा गोल घुमट, एकेक वीट तिरकी घासून बसवलेली, इतकी सफाईदार की सांध्यात नख शिरू नये. गळत होती ती बुडाशी एकाच चिरेतून. जमिनीत गाडायच्या वस्तूवर कुणीतरी इतकी कारागिरी केली होती. सगळे कामगार कठड्यापाशी येऊन वाकून बघू लागले.

“आम्ही थंडीत तिच्या पाठीवर बसून भाकरी खायचो,” आजोबा म्हणाले. “ऊबदार असायची.”

पुढे वसाहत झाली, माणसं राहायला आली. नाकबाई दर तीन महिन्यांनी फीत आणि बाटल्या घेऊन जात राहिल्या. टाकी गेल्यावर आकडे घसरत गेले. एकशे चाळीस मीटरची खूण शंभरावर आली, मग सत्तरवर. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्या शेवटचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत गेल्या, तेव्हा तिथल्या बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चौथ्या नळीतल्या गाळाचा थेंब काचेवर ठेवला होता.

नाकबाईंनी डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग बाईंनी बटण फिरवलं आणि उजेडाच्या वर्तुळात बारीक काड्या दिसू लागल्या, काही सुट्या, काही साखळीत, काही जागच्या जागी थरथरणाऱ्या. त्यात बघण्यासारखं म्हटलं तर काहीच नव्हतं.

“यांना नाव आहे का काही?” त्यांनी डोळा न उचलता विचारलं.

“थोड्यांना आहे. बऱ्याच जणांना अजून कुणी ठेवलेलं नाही, आत्या.”

बाई दुसऱ्या कामाला गेल्या, दोन फोन केले, चहा घेऊन परत आल्या. नाकबाई तशाच वाकून बसल्या होत्या. चहा गार व्हायला लागला तेव्हा त्यांनी हात लांब करून कप चाचपला, पण डोळा काही काढला नाही.